ल्युसर्नला केवळ ‘फोटो स्टॉप’ पुरे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीतील युरोप सहलींच्या जाहिराती सध्या आपल्या अंकात रोज झळकत आहेत. त्यांतील अनेक सहली स्वित्झर्लंडमधील ल्युसर्न या सरोवराकाठच्या जुन्या शहरात थांबतात खऱ्या. पण सिंहाचे स्मारक, लाकडी चॅपल ब्रिज आणि घड्याळे-चॉकलेटांची खरेदी एवढ्यावरच तो थांबा आटोपतो. आमच्या सहलीतही स्मारकापाशी छायाचित्रे काढून होताच बसकडे चलण्याची घाई सुरू झाली.

कड्यात कोरलेला, पाठीत भाल्याचे तुटलेले टोक रुतलेला हा सिंह १८२१ सालचा. फ्रान्सच्या राजाच्या चाकरीत असताना १० ऑगस्ट १७९२ रोजी पॅरिसच्या त्युइलरी राजवाड्यात मारल्या गेलेल्या स्विस सैनिकांचे ते स्मारक आहे. तेथून पायी काही मिनिटांवर, एका गोल इमारतीत, बुरबाकी पॅनोरमा आहे. फ्रान्स-प्रशिया युद्धात हरलेल्या जनरल बुरबाकीच्या सैन्यातील सुमारे ८७,००० फ्रेंच सैनिकांनी फेब्रुवारी १८७१ मध्ये सीमेवर शस्त्रे खाली ठेवून स्वित्झर्लंडमध्ये आश्रय घेतला, तो प्रसंग सुमारे ११२ मीटर लांब आणि १० मीटर उंच अशा वर्तुळाकार चित्रात रंगवलेला आहे. चित्रकार एदुआर कास्त्र स्वतः त्या सैन्याबरोबर रेडक्रॉसचा स्वयंसेवक होता, आणि चित्रात त्याने स्वतःलाही रंगवले आहे. मधल्या सज्जावर उभे राहिले की चहूबाजूंनी बर्फ, बंदुकांचे ढीग आणि थकलेली घोडी दिसतात. पुढ्यात रेल्वेचा खराखुरा डबा मांडलेला असून तो कोठे संपतो आणि चित्र कोठे सुरू होते, हे चटकन उमगत नाही. फ्रेंच राजासाठी मेलेले स्विस आणि फ्रेंच सैनिकांना आसरा देणारे स्विस या दोन्ही गोष्टी लागोपाठ पाहण्याची सोय असताना, पहिलीच दाखवून प्रवाशांना परत का न्यावे?

पुलांचेही तेच. चॅपल ब्रिज चौदाव्या शतकातील म्हणून दाखवला जातो. मात्र १९९३ च्या आगीत त्याचा बराचसा भाग आणि आतील बहुतेक त्रिकोणी चित्रे जळाली, हे क्वचितच सांगितले जाते. रॉइस नदीच्या प्रवाहाबरोबर थोडे खाली गेल्यास श्प्रॉयर पूल लागतो. तेथे कास्पार मेग्लिंगरची सतराव्या शतकातील ‘मृत्यूचे नृत्य’ ही चित्रमालिका छताखाली आजही आहे आणि ती पाहण्यास एक पैसाही लागत नाही. पिकासो आणि क्ले या चित्रकारांच्या चाहत्यांसाठी रोझेनगार्ट संग्रह आहे. वाहतूक संग्रहालयात तर मुलांसह अख्खा दिवस सहज जाईल.

सहल कंपन्यांनी खरेदीच्या वेळेतून निदान दोन तास काढून या स्थळांचा पर्याय द्यावा आणि कोठे किती वेळ मिळणार, हे माहितीपत्रकात स्पष्ट छापावे. जवळचे टिटलिस हे हिमशिखर ढगात बुडालेले असेल, त्या दिवशी कार्यक्रमाची अदलाबदल करण्याची मुभा टूर मॅनेजरला असावी. तेथील अनेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, हेही आखणी करतानाच पाहावे.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे