बुटीबोरीच्या अलीकडे टायरचं दुकान चालवणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. मामाकडे पोचल्यावर आईनं तेच पहिलं विचारलं, आणि मला उत्तर देता आलं नाही. म्हणून हे पत्र असं उघडच लिहिते आहे. वर्धा रोडवर रोज जाणाऱ्या-येणाऱ्या कुणी ना कुणी ते तुम्हाला वाचून दाखवेल, असं वाटतं.

मे महिन्यातली दुपार होती. आईला वर्ध्याला मामाकडे सोडायला निघाले होते. डाव्या बाजूचं मागचं चाक कशावर तरी घासलं आणि टायरची कडच फाटली. कडेला फाटलेल्या टायरला पंक्चरची वात लागत नाही, एवढं मला ठाऊक होतं. स्टेपनी लावायची, दुसरा उपाय नाही. गाडी बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला, पुढच्या चाकाला दगड लावला आणि डिकीतून पाना काढला. चार नट सैल झाले. पाचवा लॉकचा. त्याच्यावर किल्ली बसवून जोर लावला, तर किल्ली टक् करून फिरली आणि नट जागचा हलला नाही. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

ज्यांच्या गाडीला असे नट नसतात त्यांच्यासाठी सांगते. अलॉय चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला एक नट वेगळा असतो. त्याला सहा कोन नसतात, वेगळीच नक्षी असते. त्या नक्षीची उलटी नक्षी असलेली छोटी किल्ली गाडीसोबत मिळते. ती किल्ली मधे बसवल्याशिवाय साधा पाना त्याला धरत नाही. किल्ली खराब झाली, की स्वतःच्या गाडीचं चाक स्वतःलाच काढता येत नाही.

मी तुमच्या शेडपर्यंत चालत आले तेव्हा तुम्ही एका ट्रकच्या टायरशी झटत होता. हातातलं काम सोडून पिशवी उचललीत. गाडीजवळ आल्यावर चाकाकडे नंतर पाहिलंत, आधी आईला खाली उतरवून शेडच्या सावलीत बसवलंत. तिच्या हातातली थर्मासची पिशवी पाहून विचारलंत, "ह्यात काय आहे जी?" इन्सुलिन आहे, बर्फ वितळला, असं ती म्हणाली. तुम्ही गोणपाट पाण्यात पिळून पिशवीभोवती गुंडाळलंत आणि ती माठाच्या आडोशाला ठेवलीत. त्या उन्हात गाडीत राहिली असती तर औषध वाया गेलं असतं. काका, चाकाचं सगळं नंतर आहे. माझ्या मनात सगळ्यात वर हे ओलं गोणपाट आहे.

तोवर दोन मोटरसायकलवाले थांबले होते. एक म्हणाला, छिन्नी मारा. दुसरा म्हणाला, वरून नट वेल्डिंग करून टाका, दोन मिनिटांत निघते. मी घाबरले होते, मी कशालाही हो म्हटलं असतं. तुम्ही कुणालाच उत्तर दिलं नाहीत. किल्ली उन्हात धरून मला दाखवलीत. आतले दात एकाच बाजूला लोळलेले होते आणि कडेवर केसाएवढी भेग होती.

"ताई, ह्याच्यावर कोणीतरी गन चालवली. लॉकच्या नटाले गन नाही लावाची. हातानंच खोलाचा, हातानंच कसाचा."

मला लगेच आठवलं. काही महिन्यांपूर्वी शहरातल्या एका दुकानात टायर अदलाबदल करून घेतले होते. तिथल्या मुलानं पाचही नट गननं, म्हणजे नट कसायच्या यंत्रानं, घर्रर्र करून कसले होते आणि मी बाजूला फोनवर बोलत उभी होते. गनचा मार झटक्याझटक्यानं बसतो, ती पोलादी किल्ली तशा माराची नसते, हे तुमच्याकडून पहिल्यांदा समजलं. तुम्ही त्या दुकानाला मात्र एक शब्द बोलला नाहीत.

मग तुम्ही जे केलंत ते मी जवळ उकिडवी बसून पाहिलं. आधी तारेच्या ब्रशनं नटाच्या खाचा साफ केल्या, किल्ली रबरी हातोडीनं आतपर्यंत बसवली आणि हातानं एकदा जोर लावून पाहिला. ती सुटली तशी बाजूला ठेवलीत. मग गोट्यांच्या, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या पोलादी सॉकेटच्या, डब्यातून एकेक गोटी काढून नटावर धरून पाहत होतात. एक सैल, एक फारच लहान. शेवटी १९ नंबरची बाराकोनी गोटी निवडलीत, नटावर जेमतेम न बसणारी. जुन्या ट्यूबचा तुकडा कापून अलॉयच्या खळग्यात गोल लावलात, ओरखडा पडू नये म्हणून. आणि मग हातोडी. जोरात नाही, सरळ. प्रत्येक ठोक्यानंतर थांबून गोटी वाकडी जात नाही ना ते बोटानं चाचपत होतात. आठ-दहा ठोक्यांत ती नटावर अशी घट्ट बसली की नट आणि गोटी एकच झाली. लांब दांडा लावलात, पाय रोवलेत आणि हळूहळू दाब वाढवत नेलात. कर्र असा आवाज आला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चाक अजून जमिनीवरच होतं. जॅक तुम्ही त्यानंतर लावलात.

गोटीत अडकलेला नट मागच्या चौकोनी भोकातून पंच घालून ठोकून काढलात. त्याच्या जागी लावायला तुमच्या पत्र्याच्या डब्यातून साधा नट शोधलात, तेही कुठला तरी नाही. "आटे १२ बाय दीडचे पाह्यजेत, अन् बूड निमुळतं पाह्यजे, माझ्याकडं गोल बुडाचेही आहेत, ते बसते पण धरत नाही," असं म्हणत जुन्या नटाशेजारी धरून ताडून पाहिलंत. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी फिरवलेत. समोरासमोरचे नट आलटून पालटून कसलेत.

बाकीच्या तीन चाकांचे लॉक असेच ठोकून काढून द्या, असं मी म्हणाले होते. त्यात तुम्हाला आणखी पैसे मिळाले असते. तुम्ही नाही म्हणालात. "ते नट चांगले आहेत जी, काऊन खराब कराचे? नवी किल्ली मागवा. नंबर असते."

तो नंबर सापडला, काका. किल्लीच्या कडेवरचा घासून गेला होता, पण गाडीच्या पुस्तकासोबतच्या पाकिटात एक छोटं कार्ड होतं, त्यावर कोड छापलेला. इतकी वर्षं ते पाकीट मी उघडलंच नव्हतं. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर कोड आणि गाडीची कागदपत्रं दाखवली, त्यांनी किल्ली मागवली, नऊ दिवसांनी आली. तुम्ही सांगितलं होतं तसं घरीच, सावकाश, तिन्ही लॉक हातानं सैल करून पाहिले. तिन्ही निघाले. मग नट किती जोरानं कसला ते मोजणारा टॉर्क पाना आणून पुस्तकात दिलेल्या ११० न्यूटन मीटरवर पुन्हा कसले. साठ-सत्तर किलोमीटर चालवल्यावर परत एकदा तपासले. कार्डाचा फोटो फोनमध्ये आहे आणि मूळ कार्ड घरी कपाटात. आता टायरच्या दुकानात गेले की आधी सांगते, लॉकला गन लावू नका, आणि किल्ली हातात परत येईपर्यंत तिथून हलत नाही. माझ्या शाळेतल्या दोन सहकाऱ्यांनी त्यांच्या किल्ल्या तपासल्या. एकीच्या डिकीत किल्लीच नव्हती, मागच्या वेळी दुकानातच राहिली होती.

तुम्ही दीडशे रुपये घेतलेत. आईनं जास्त देऊ केले तर हात जोडलेत. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या १९ नंबरच्या गोटीचं तोंड पसरलं होतं. पंचानं नट काढून तुम्ही ती डब्यात टाकलीत तेव्हा ती बाकीच्या गोट्यांपेक्षा वेगळी दिसत होती. ती आता दुसऱ्या कुठल्या नटाला नीट धरणार नाही. तुम्ही तिचा हिशोबच लावला नव्हता.

येत्या रविवारी आईला आणायला वर्ध्याला जाते आहे. डिकीत नव्या किल्लीशेजारी अर्ध्या इंची चौकोनाची, १९ नंबरची बाराकोनी गोटी ठेवली आहे. कॉटन मार्केटच्या बाजूला चार दुकानं फिरून चांगल्या पोलादाची घेतली. येताना थांबू. मामीनं कुरडयांचा डबाही भरून ठेवला आहे. आणि आईला तुमचं नाव विचारायचं आहे.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली ताई
नागपूर