कोलकात्यात एक जेवण तरी बंगाली असावे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अंदमान किंवा सिक्कीम-दार्जिलिंगच्या सहलीला जोडून कोलकात्यात एक-दोन दिवस मुक्काम करण्याची पद्धत आपल्याकडे आता रूढ झाली आहे. सहल कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत दक्षिणेश्वर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि हावडा पूल ही नावे असतात आणि त्यांच्याखाली ठळक अक्षरांत ‘रोज महाराष्ट्रीय जेवण’ असे आश्वासन असते. माझा आक्षेप या आश्वासनाला आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गटाला हॉटेलात सकाळी कांदेपोहे आणि दुपारी मटकीची उसळ व पोळ्या मिळाल्या. आचाऱ्याच्या हाताला चव होती, याबद्दल तक्रार नाही. परंतु त्याच सकाळी हॉटेलसमोरच्या गल्लीत एक हलवाई कढईतून टम्म फुगलेल्या कचोऱ्या काढून बटाट्याच्या रश्शाबरोबर पानाच्या द्रोणात देत होता आणि कामावर निघालेली माणसे उभ्याउभ्या खात होती. बसची वेळ झाल्याने आम्हाला तिकडे फिरकताही आले नाही.

‘बंगाल म्हणजे मासे’ ही धास्ती यामागे असावी. ती अनाठायी आहे. लुची (मैद्याच्या पुऱ्या), नारळाचे तुकडे घातलेली हरभऱ्याची डाळ, खसखशीतले बटाटे, डाळीच्या वड्यांचा धोकार दालना असे कितीतरी शाकाहारी पदार्थ तिथल्या घरांत रुळलेले आहेत आणि कांदा-लसणाशिवाय रांधण्याची मोठी परंपराही तिथे आहे. मांसाहारी मंडळींनी अख्खा बटाटा घातलेली बिर्याणी चाखावी. १८५६ मध्ये अवधचे राज्य गमावून कोलकात्याच्या मटियाबुर्ज भागात येऊन राहिलेल्या वाजिद अली शाहांच्या खानसाम्यांकडे तिचे मूळ सांगतात. थंडीच्या दिवसांत खजुराच्या नव्या गुळाची ‘संदेश’ ही मिठाई मिळते. ती न खाता परतणे मला तरी करंटेपणाचे वाटते. पथ्य असणाऱ्यांना किंवा मोहरीच्या तेलाचा वास न सोसणाऱ्यांना वरण-भात अवश्य द्यावा, पण त्यांच्यासाठी सगळ्या गटाला का अडकवावे?

वेळेची सबबही टिकणारी नाही. दक्षिणेश्वर आणि बेलूर मठ दोन्ही दुपारी काही तास बंद असतात, तेव्हा निवांत बंगाली जेवणाला तीच वेळ सोयीची आहे. हावड्याहून एस्प्लनेडला जाणारी, हुगळीच्या पात्राखालून धावणारी मेट्रो मार्च २०२४ पासून सुरू आहे. त्यामुळे संध्याकाळी गटाला मोकळे सोडले, तर लोक आपापले फिरून, फुचका खाऊन परत येऊ शकतात. (आपल्या पाणीपुरीतला रगडा त्यात नसतो, चिंचेच्या आंबट पाण्याबरोबर कुस्करलेला, तिखट बटाटा असतो.)

आणखी एक गोष्ट. १८१४ मध्ये स्थापन झालेले, भारहुतच्या स्तूपाचे कठडे जपणारे इंडियन म्युझियम आणि व्हिक्टोरिया मेमोरियलची दालने सोमवारी बंद असतात. तरीही आमचा कोलकात्याचा दिवस नेमका सोमवारच ठेवला होता, आणि ‘व्हिक्टोरिया मेमोरियल दर्शन’ म्हणजे प्रत्यक्षात बाहेरून काढलेली छायाचित्रे ठरली. सहल कंपन्यांनी साप्ताहिक सुट्टीचे वार पत्रिकेतच छापावेत, किमान एक जेवण स्थानिक ठेवावे आणि ज्यांना ते नको असेल त्यांची नावे नोंदणीच्या वेळीच विचारून घ्यावीत.

आपला,
एक वाचक, सांगली