गटारीच्या संध्याकाळी मीटिंग आहे

मित्रांनो, येत्या रविवारी आषाढ अमावस्या. आपल्या एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला नेहमी सातला जमतो, यावेळी सहालाच सुरू करू आणि शेवटचा माणूस उठेपर्यंत हॉल उघडा राहील. कारण सांगायला नको. मटणाच्या दुकानासमोरची रांग, 'नुसता बसायला ये रे' असे जुन्या दोस्तांचे फोन, सगळं त्याच दोन-तीन तासांत येतं. मागच्या गटारीला माझे पाय हॉलऐवजी कोपऱ्यावरच्या परमिट रूमकडे वळले होते. स्पॉन्सरने, म्हणजे गटातल्या मला आधार देणाऱ्या जुन्या मित्राने, पहिल्याच रिंगला फोन उचलला, म्हणून वाचलो. तेव्हा फोन चार्ज ठेवा, आणि वाजला तर उचला.

मीटिंग क्लोज्ड आहे, म्हणजे फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी, घरच्यांना यावेळी आणू नका. मध्ये घसरलेल्यांनी तर यावंच, पहिल्या पायरीला, म्हणजे दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायला, लाज कसली? नवा मित्र रोजचा पिणारा असेल तर त्याला आधी डॉक्टरांना दाखवा. एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते.

कुणाचं नाव, फोटो बाहेर जाता कामा नये. फी नाही. थैली फिरेल, ती भाड्याची आणि चहाची.

खायला बिस्किटं आणा. खारे शेंगदाणे नकोत, त्या वासाने आमच्यासारख्यांना अजून ग्लास आठवतो.