वाऱ्याविना छापलेले गोल्फचे आकडे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर ब्रिटनमधील गोल्फच्या बातम्या मी नियमित वाचतो. एखाद्याची फेरी बिघडली की ‘घसरगुंडी’ असा मथळा येतो. मात्र त्या दिवशी वारा किती होता, हे बातमीत शोधूनही सापडत नाही. लिंक्स म्हणजे गोल्फ खेळायचा समुद्रकाठचा, वाळूच्या जमिनीचा, जवळपास बिनझाडांचा माळ. तिथला आकडा वाऱ्याविना छापणे म्हणजे खेळपट्टी कशी होती हे न सांगता धावफलक छापण्यासारखे आहे. २००२ साली स्कॉटलंडमधील म्युरफील्डच्या लिंक्सवर, ओपन या ब्रिटनच्या प्रमुख गोल्फ स्पर्धेत टायगर वुड्सला शनिवारच्या वादळी वाऱ्यापावसात ८१ फटके लागले आणि रविवारी, त्याच मैदानावर, ६५; गोल्फमध्ये फटके जितके कमी तितके चांगले. एका रात्रीत त्याचा खेळ नव्हे, हवा बदलली होती.

मुलीकडे स्कॉटलंडला गेलो असताना अशा वाऱ्यात मीही एक फेरी खेळलो. आषाढात राजहंसगडावर छत्री उलटी होताना पाहिलेल्या माणसाला वाऱ्याचे काय कौतुक, अशा गुर्मीत पहिलाच फटका सगळा जोर लावून मारला. चेंडू वर चढत गेला, क्षणभर अधांतरी थांबल्यासारखा झाला आणि निम्म्या वाटेवरच खाली आला. जितका जोर, तितकी चेंडूला उलटी फिरकी अधिक, आणि समोरचा वारा त्या फिरकीमुळे चेंडूला वर उचलतो, हे सोबतच्या वयस्क खेळाडूने समजावले. लांब पल्ल्याची काठी घेऊन ती खाली धरायची आणि अर्ध्याच झोक्याने मारायचे, म्हणजे चेंडू बुटका जातो व टणक जमिनीवर पुढे घरंगळतो. प्रत्येक फटक्याआधी ते चिमूटभर गवत सोडून पाहत. खानापूरकडच्या आमच्या खळ्यावर भात उफणण्याआधी आजोबा मूठभर भुसा असाच सोडत.

ग्रीनवर, म्हणजे खळीभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या हिरवळीवर, तर निराळेच. खूण करून उचललेला आणि परत ठेवलेला माझा चेंडू वाऱ्याने हलला, तो नियमानुसार मूळ जागी आणता आला; सोबत्याचा न उचललेला चेंडू मात्र उतारावरून खाली गेला आणि त्याला तिथूनच खेळावे लागले. २०१५ साली सेंट अँड्र्यूजला चेंडू ग्रीनवर ठरेनात म्हणून ओपनचा खेळ शनिवारी दहा तासांहून अधिक काळ थांबला होता आणि स्पर्धा सोमवारी संपली.

तेव्हा विनंती इतकीच, की लिंक्सवरील स्पर्धेच्या बातमीत वाऱ्याचा वेग आणि खेळाडू सकाळी उतरला की दुपारी, एवढे तरी द्यावे. कारण एकाच दिवशी दोघांच्या वाट्याला येणारा वारा सारखा नसतो. त्यासाठी दोन ओळींची जागा पुरेल, आणि ती मथळ्यातून सहज निघेल.

कळावे,
आपला एक वाचक,
टिळकवाडी, बेळगाव