२४ एचपीच्या ट्रॅक्टरला ५ फुटी रोटाव्हेटर माथी मारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
नवी मुंबई कार्यालय

विषय: चुकीच्या मापाचा रोटाव्हेटर बदलून मिळण्याबाबत

महोदय,

आत्ताच तुमच्या ग्राहक सेवेचा फोन ठेवला आणि हे लिहायला बसलो. रोटाव्हेटर म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं, फिरत्या पात्यांनी माती फोडणारं अवजार आणि पीटीओ म्हणजे ते फिरवणारा ट्रॅक्टरच्या मागचा दांडा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. मशिन तुम्हीच बनवता. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मुरबाड तालुक्यात आमची भातशेती आहे. खाचरं लहान, बांध जवळजवळ. म्हणून वडिलांनी विचार करून २४ एचपीचा मिनी ट्रॅक्टर घेतला. तुमच्या विक्रेत्याकडे गेलो तेव्हा ट्रॅक्टरचे कागद सोबत होते. पीटीओला २१ एचपी मिळते, मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांमध्ये साडेतीन फूट अंतर आहे, हे सगळं वडिलांनी टेप लावून कागदावर उतरवून नेलं होतं. चाकांची खूण पुसली जाईल आणि ट्रॅक्टरला झेपेल असा रोटाव्हेटर हवा, म्हणून त्यांनी ४ फुटी मागितला. विक्रेता म्हणाला, "काका, चार फुटी आता कोण घेतं? पाच फुटी न्या, एका फेरीत जास्त रान उरकेल." तुमच्या कंपनीचा प्रतिनिधी शेजारीच उभा होता. त्याने मान डोलावली आणि वर म्हणाला, "चोवीसला आरामात चालतो." लाखावर रुपये मोजून आम्ही तो घरी आणला.

चिखलणीला, म्हणजे लावणीआधी पाणी भरलेल्या खाचरात चिखल करायला, पहिल्याच खाचरात रोटाव्हेटर टेकवला आणि इंजिनचा आवाज बसला. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरावा एवढा थ्रॉटल देऊन, सगळ्यात खालच्या गियरमध्ये, तरी चार हात पुढे गेलं की इंजिन दबायचं आणि सायलेन्सरमधून काळा धूर यायचा. खोली कमी केली की ट्रॅक्टर चालायचा, पण पाती वरचा गाळ नुसता ढवळायची, खालची ढेकळं तशीच. अशा चिखलात रोप धरत नाही, हे भात लावणारा कुणीही सांगेल.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. बांध ओलांडायला रोटाव्हेटर उचलला की त्याच्या वजनाने ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडतात. स्टेअरिंग वळवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. खाली पुढचं खाचर कमरेएवढं खोल आहे आणि वर माझे वडील बसलेले आहेत. यात काय होऊ शकतं, ते तुमच्या इंजिनियरना विचारा. कोपऱ्यात वळताना एवढा रुंद रोटाव्हेटर बांधाला घासतो, तो भाग वेगळाच.

इकडे भाताची रोपं राबात, म्हणजे रोपवाटिकेत, वाढत चालली होती. रोप जून झालं की फुटवे कमी येतात, त्यामुळे थांबणं शक्य नव्हतं. शेवटी शेजाऱ्याचा पॉवर टिलर भाड्याने आणून चिखलणी उरकली. तुमचा नवा रोटाव्हेटर पडवीत उभा आहे.

आता तुमच्या फोनबद्दल. वडील सध्या आमच्याकडे खारेगावला आले आहेत. मशिनबद्दल काही विचारलं तर त्यांना नीट सांगता यावं, म्हणून मी फोन स्पीकरवर ठेवला होता. तुमच्या माणसाने मशिन नंबर घेतला, बराच वेळ लाइनवर ताटकळत ठेवलं आणि म्हणाला, "सर, मशिनमध्ये फॉल्ट नाही. ट्रॅक्टर लहान पडतोय." मी म्हटलं, तेच तर मी सांगतोय, माप चुकीचं दिलंत. तर म्हणाला, "मग ट्रॅक्टर मोठा घ्यावा लागेल." मी पुन्हा शांतपणे पीटीओची एचपी सांगितली, चाकांचं माप सांगितलं. तो मध्येच थांबवून विचारतो, "चालवतं कोण?" मी म्हटलं, वडील. "वय?" अडुसष्ट. यावर तो हसला. हसून म्हणाला, "मग सर, प्रॉब्लेम मशिनचा नाहीच. आधी ड्रायव्हर बदला."

हे वडिलांनी ऐकलं. बैलांच्या नांगरापासून शेती केलेला माणूस आहे तो. गावात पॉवर टिलर आला तेव्हा तो चालवायला पोरं यांच्याकडेच शिकली. ते काही बोलले नाहीत. मी बोललो, आणि मोठ्याने बोललो. तुमच्या माणसाने फोन कापला. ग्राहकाच्या बापाचं वय विचारून हसायचं, हे तुमच्याकडे शिकवतात का, याचं उत्तर मला हवं आहे.

तुमच्याच माहितीपत्रकात तक्ता छापलेला आहे. ५ फुटी रोटाव्हेटरसमोर ३५ ते ४५ एचपी लिहिलं आहे. बॉनेटवरची एचपी इंजिनची असते, रोटाव्हेटर फिरतो तो पीटीओला पोचणाऱ्या एचपीवर, आणि ती नेहमी कमीच असते. चिकट ओल्या मातीत तर त्यातही हात राखून माप धरायला हवं. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मग विकताना हा तक्ता तुमच्या प्रतिनिधीच्या खिशातून बाहेर का आला नाही? पुन्हा सांगतो, आम्ही ४ फुटीच मागितला होता.

वाईट याचं वाटतं की तुमच्या कंपनीचा कल्टिव्हेटर आमच्या भावकीत वर्षानुवर्षं चालतोय, एक फाळ सोडला तर काही बदलावं लागलं नाही. त्याच नावावर भरवसा ठेवून वडील दुसऱ्या दुकानात गेले नाहीत. आता गावात कुणी विचारलं तर ते तुमचं नाव घेणार नाहीत, आणि मी घेऊ देणार नाही.

५ फुटी परत न्या, ४ फुटी द्या, किमतीतला फरक परत करा. ने-आणीचा खर्च आणि पॉवर टिलरचं भाडं तुमच्याकडे. फोनवर जो बोलला त्याने वडिलांची माफी मागायची, माझी नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी लागत नाही, हे मी वाचून ठेवलं आहे. पुढची चाकं उचलली जातात त्याचा व्हिडिओही काढलेला आहे.

बिलाची प्रत, मशिन नंबर आणि वडिलांनी लिहिलेला मापांचा कागद सोबत जोडला आहे. फोन करू नका, लिहून कळवा.

आपला ग्राहक,
खारेगाव, ठाणे