पायजम्यापायी लिहिलेलं पत्र

प्रिय सुमे,

फोनवर बोलली असती, पण हे दिवसभर घरातच असतात आणि यांचे कान तुला माहीत आहेत. इकडे सगळे बरे. माझी शुगर गोळीवर, यांचा गुडघा तसाच.

तर मी यांच्यासाठी पायजमे शिवले. हसू नको. नवतपात पारा पंचेचाळीसच्या वर आणि हे टेरिकॉटच्या पॅन्टीत! मांड्या घामोळ्यांनी लाल. जन्मभर कापूस पिकवला आणि अंगाला कधी लावला नाही. मग वर्ध्याला मगन संग्रहालयातून खादी आणली. गांधीजींनी 1938 साली उघडलेल्या जागेत मी भाव पाडून मागत होती, हे लाजेनं दाराबाहेर जाऊन उभे.

कापड आधी भिजवून वाळवलं. सुती आटतेच, नाहीतर पहिल्या धुण्यात पायजमा घोट्याच्या वर. आसनाचं माप मात्र मी शिवणक्लासच्या बाईंच्या वहीतून घेतलं नाही. यांना स्टुलावर बसवलं, कमरेपासून स्टुलापर्यंत बाजूनं टेप लावला, वर दीड इंच सैल धरलं. मागचं आसन पुढच्यापेक्षा उंच ठेवलं, म्हणजे खाली बसलं की कंबर उघडी पडत नाही. तू तेव्हा बाईंची बाजू घेऊन माझ्याशी भांडली होतीस ना? ये आणि पाहून जा. मधे दोन पायांच्या जोडाला रुमालीचा तुकडा लावला, मांडी घालून बसले तरी शिवण ताणत नाही. नेफ्यात मागे इलास्टिक, पुढे नाडी. नुसतं इलास्टिक जेवल्यावर पोटात रुततं म्हणतात. उरलेल्या कापडाच्या हाफ पॅन्टी केल्या, गुडघ्याला तेल चोळायला सोयीच्या. खिसा एकच, खर्ऱ्याची पुडी मावणार नाही असा.

आता खरं सांगते. तेव्हापासून या माणसानं दुसरं काही घातलंच नाही. शेत यंदा मक्त्यानं दिलं, ते तुला कळलं असेलच. पॅन्टी खुंटीवर लटकून आहेत. पारावर चला म्हटलं की, "पॅन्ट घाला लागते ना." सोसायटीच्या मीटिंगला नाही, बाजाराला नाही. सासूबाई म्हणतात, "आता त्याले लंगोट शिवून दे, म्हणजे पलंगावरूनही उठाचं काम नाही." मी हसली खरी, पण रात्री झोप लागेना. गुडघ्यानं बसवलं, की शेत गेल्यानं बसले, की माझ्या मऊ पायजम्यानं? आराम द्यायला गेली आणि बसायची सवयच लावली की काय? डॉक्टर म्हणतात गुडघ्याला चालणं पाहिजे. हे मोरीपर्यंत चालतात.

तुलाच लिहिते, कारण तुझ्या बाबांचं असंच झालं होतं. त्यांनी धोतर सोडून लुंगी धरली तेव्हा तू रडली होतीस आणि मी हसली, म्हणून महिनाभर अबोला. त्या लुंगीवर बदकं होती, सुमे, कोणीही हसलं असतं! पण ते पुढे बाहेर पडायला लागले, हेही मला आठवते. कशानं? तू काही केलं, की काकूंनी?

पुढच्या महिन्यात धाकटीला पाहायला यवतमाळचे पाहुणे येणार. हे म्हणतात, "आपल्या घरी आपण पायजम्यात बसलो तर काय होते?" पोरगी रुसून बसली. म्हणून मी करड्या सुती कापडाचा एक कापून ठेवला आहे, अजून सांगितलं नाही. आत नाडी तीच, वरून घडी पडेल अशी इस्त्री. समोर खोट्या चेनची टीप मारली तर लांबून पॅन्टच वाटेल ना? तुझा हात यात बरा आहे, कागदावर आकृती काढून पाठव.

तुझी बदली झाली का? सुनेचं नववं लागलं असेल ना? भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन थंडीत करून घ्या. टेलरकाकाच्या उधारीचं तूच बघ, मी त्या गल्लीत जात नाही.

उत्तर लवकर धाड, आकृतीसकट.

तुझी,
मंदी