प्रशिक्षण हॉलमधे नको, शाळेत घ्या

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर फोटोसकट बातमी होती, शिक्षकांना तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण, दीपप्रज्वलन, मान्यवर, मागे बॅनर वगैरे. त्या फोटोत पाचव्या ओळीत मी पण आहे, दिसत नाही म्हणा, पुढच्या आप्पांची टोपी आड आली. बातमीत लिहिलंय की शिक्षकांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. त्या उत्स्फूर्तबद्दलच थोडं सांगायचंय.

हॉलमधे आम्ही शंभराच्या वर लोक, प्रोजेक्टर एक. एप्रिल महिना, आणि आपल्या खान्देशातला एप्रिल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, बाहेर ४३-४४ चा पारा. दोन मोठे कूलर लावलेले, ते चालू ठेवले तर सर काय बोलताय ते ऐकू येत नाही आणि बंद केले तर बसवत नाही, मग अर्धा तास चालू अर्धा तास बंद असं ठरलं. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे सर, म्हणाले आता सगळ्यांनी आपापल्या मोबाईलवर ही लिंक उघडा. शंभर मोबाईल, गावात टॉवर एक, सगळ्यांच्या स्क्रीनवर गोल गोल चक्र फिरतंय. पाच मिनिटं वाट पाहून सर म्हणाले बरं राहू द्या, मी पीपीटीवर दाखवतो, आणि मग आम्ही दुपारभर एका अॅपचे स्क्रीनशॉट पाहिले. म्हणजे पोहायचं शिबीर आणि विहिरीचा फोटो. माझ्या बाजूला एक मॅडम होत्या, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत, त्या हळूच म्हणे, "दादा, माले काई समजनं नही, तुले समजनं का?" मलाही नव्हतं समजलं, पण मी मान हलवली. शेवटी फीडबॅकचा गुगल फॉर्म आला, त्याला मात्र सगळ्यांना रेंज मिळाली, गेटबाहेर जाऊन का होईना, कारण तो भरल्याशिवाय प्रमाणपत्र नाही.

यात सुलभकांचा काहीच दोष नाही हे आधी लिहून ठेवतो, ते आमच्यातलेच शिक्षक. त्यांना दोन दिवस आधी जिल्ह्याला प्रशिक्षण मिळालं, जिल्ह्यावाल्यांना त्याच्या आधी राज्यस्तरावर. घागरीतून तांब्यात आणि तांब्यातून पेल्यात, आमच्यापर्यंत येता येता तीन दिवसांचं एका दिवसाचं होतं आणि त्यातूनही पहिलं काय गळतं तर हाताने करून बघायचा वेळ. भाषणं आणि उद्घाटन कधी गळत नाही.

आणि ही काही आजची गोष्ट नाही. २००१ ला एमएससीआयटी, म्हणजे कॉम्प्युटरचा कोर्स, आलं, आमच्या पिढीने ते केलं, ज्यांनी वेळेत नाही केलं त्यांच्या वेतनवाढी अडकल्या, वसुल्या निघाल्या, त्यामुळे बऱ्याच जणांच्या मनात कॉम्प्युटर म्हणजे पगार कापणारी वस्तू असं बसलं ते बसलंच. २०१७ ला दीक्षा हे सरकारचं शैक्षणिक अॅप आलं, पुस्तकावर क्यूआर कोड आले, २०१९ ला शिक्षकांसाठी केंद्र सरकारचं निष्ठा प्रशिक्षण, ते कोरोनात २०२० ला ऑनलाइन झालं, तेव्हा किती जणांनी व्हिडिओ लावून ठेवला आणि भाजी निवडली ते आम्हाला माहीत आहे, मी स्वतः शेंगा फोडल्यात. आता २०२० च्या नवीन शैक्षणिक धोरणात शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं आहे. घ्यायला ना नाही. पण हे ५० तास कूलरखाली गेले तर पोरांपर्यंत काय पोचणार?

आता माझ्या शाळेचं सांगतो. गावाने लोकवर्गणी काढून आम्हाला मोठा टीव्ही घेऊन दिला, वर्गणीत कापसावाल्यांनी, केळीवाल्यांनी दिलंच पण मजुरी करणाऱ्या बायांनी पण पन्नास-शंभर दिले, म्हणून त्या टीव्हीचं मला जरा ओझं वाटतं. मी घरून नेटवरून फेटचे प्रयोग डाउनलोड करून आणले. फेट म्हणजे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने २००२ पासून बनवलेले विज्ञान-गणिताचे खेळ, फुकट आहेत, मराठीतून पण आहेत, एकदा उतरवून घेतले की लॅपटॉपवर नेट नसताना चालतात. विद्युत मंडल जोडायचा प्रयोग त्यात इतका भारी आहे की वायर चुकीची लावली की बॅटरीला आग लागलेली दिसते, पोरं मुद्दाम चुकीची लावतात. तर लॅपटॉप होता, टीव्ही होता, दोघांना जोडायची एचडीएमआय वायर नव्हती. शाळेत कोणालाच ते नाव माहीत नव्हतं, दुकानात जाऊन काय मागायचं? मग म्हटलं पेनड्राइव्हवर निदान व्हिडिओ तरी दाखवू, तर टीव्ही पेनड्राइव्ह ओळखेना. चार महिने आम्ही समजत होतो टीव्हीच बिघडला, वरून फडकं टाकून ठेवलं. एक दिवस सातवीतल्या एका पोराचा मोठा भाऊ आला, त्याचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, त्याने पेनड्राइव्ह पाहिला आणि म्हणे सर याचा फॉरमॅट एनटीएफएस आहे, तुमचा टीव्ही फॅट-३२ वाचतो. आतला माल बाजूला काढला, दोन मिनिटात फॉरमॅट केलं, लागला टीव्ही. जाताना एवढं सांगून गेला की यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसणार नाही, तुकडे करून टाका.

चार महिने साहेब! आणि त्या चार महिन्यात माझी दोन तंत्रज्ञान प्रशिक्षणं झाली होती. एकात पण वायर आणि पेनड्राइव्ह हा विषय नव्हता, भविष्यातील शिक्षण हा होता.

तसंच टायपिंगचं. आमच्या सगळ्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका कृतिदेव नाहीतर श्रीलिपी या जुन्या फॉन्टमधे पडून आहेत, मोबाईलवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, कारण ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मोबाईल-कॉम्प्युटरला वाचता येणारे, नाहीत, आत अक्षर इंग्रजीचंच असतं, फक्त मराठीचा चेहरा लावलेला असतो. फॉन्ट कन्व्हर्टरने ते युनिकोडमधे होतं, थोडं हाताने दुरुस्त करावं लागतं इतकंच. दहा मिनिटांची गोष्ट आहे, पण कोणी सांगितली तर वर्षानुवर्षाचं काम वाचतं. स्टाफरूममधे विचारून बघा, पहिला प्रश्न हाच निघेल. पण विचारतं कोण, प्रशिक्षणाचा विषय वरून ठरून येतो. बी.एड.ला टीपॅक नावाचं प्रकरण शिकलो होतो, मिश्रा आणि कोहलर यांनी २००६ ला मांडलेलं, की विषयाचं ज्ञान, शिकवायची पद्धत आणि तंत्रज्ञान हे तिन्ही एकत्र आले तरच उपयोग. परीक्षेत मी त्याची तीन गोलांची आकृती काढून पैकीच्या पैकी मार्क घेतले, प्रशिक्षणात मात्र आजपर्यंत एकच गोल पाहिलाय.

नुसती तक्रारच करतोय असं नको वाटायला, म्हणून एक चांगलं पण सांगतो. मागच्या हिवाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेत आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद (शिक्षकांची बैठक) होती, आम्ही बावीस जण. केंद्रप्रमुखांनी आठ दिवस आधी व्हॉट्सअॅपवर फक्त एवढंच विचारलं की तुमच्या शाळेत चालू असलेली एक वस्तू आणि बंद पडलेली एक वस्तू सांगा, आणि पुढच्या आठवड्यात कोणता पाठ घेणार ते सांगा. बस. शिकवायला एक तरुण सर होते, त्यांनी त्याच शाळेचा टीव्ही वापरला, त्याच शाळेची वीज, मधे लाईट गेली तर म्हणे चला आता लाईट नसताना काय करता येतं ते बघू. दीक्षावरचं साहित्य घरी वायफायवर उतरवून ठेवलं की अॅपमधे नेटशिवाय उघडतं हे मला त्या दिवशी कळलं, अॅप माझ्या मोबाईलमधे तीन वर्षांपासून होतं. एका शाळेचे दोघं दोघं बसवले, म्हणजे परत गेल्यावर एकाला आठवलं नाही तर दुसऱ्याला आठवेल. आणि त्या सरांची मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे ते हात मागे बांधून फिरत होते, अगदी खरोखर मागे बांधून. कोणी अडलं की आपल्याला सवय असते ना, आणा इकडे मी करून देतो, ते त्यांनी एकदाही केलं नाही, फक्त तोंडाने सांगायचे, वर डावीकडे बघा, आता दाबा. वेळ लागतो त्याला, चिडचिड पण होते, पण बोट ज्याचं त्याचंच फिरतं.

हॉलमधल्या त्या मॅडम तिथे पण होत्या. त्या पहिलीला शिकवतात, वर्गातली निम्मी पोरं घरी अहिराणी बोलतात, बाकी पावरी, म्हणजे सातपुड्यातल्या पावरा आदिवासींची बोली. त्यांना सरांनी व्हॉइस टायपिंग दाखवलं, मॅडम नेहमीसारखं अहिराणीत बोलल्या आणि स्क्रीनवर भलतंच काहीतरी उमटलं, सगळे हसले. सर म्हणे मॅडम, मराठी बोलून टायपिंग करायची सोय गुगलने २०१७ ला आणली, ती पुस्तकी मराठीला, अहिराणी तिला समजत नाही. मॅडम थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणे, म्हणजे माझ्या पहिलीच्या पोरांसारखंच झालं की, त्यांना माझी पुस्तकी मराठी समजत नाही, याला माझी बोली समजत नाही. मग सरांनी साधा रेकॉर्डर उघडायला लावला, त्याला कोणतीही भाषा चालते. पुढच्या आठवड्यात मॅडमनी एका पोराच्या आजीला शाळेत बोलावून अहिराणीत कोल्ह्याची गोष्ट रेकॉर्ड केली, वर्गात लावली, मग तीच गोष्ट मराठीतून सांगितली. तीन आठवड्यांनी परत परिषद झाली तेव्हा त्यांच्याकडे पाच गोष्टी होत्या, दोन पावरीतल्या. त्या पावरीतल्या त्यांना स्वतःला पूर्ण समजत नव्हत्या, पोरं समजावून सांगत होती.

तीन आठवड्यांनी परत भेटायचंय हे आधीच सांगितलं होतं म्हणून आम्ही सगळ्यांनीच काही ना काही करून पाहिलं. मला तर वाटतं तो दुसरा दिवस पहिल्यापेक्षा जास्त कामाचा होता, कारण तेव्हा आमच्याकडे अडलेले प्रश्न होते, पहिल्या दिवशी नुसती भीती होती.

आता हल्ली एआय आलंय, मागच्या प्रशिक्षणात तेच होतं. एआयला गोष्ट लिहायला लावली, चौथीच्या वर्गासाठी, खान्देशातल्या गावातली. आली गोष्ट फटकन, मराठी पण बरी होती, फक्त गोष्टीतला पोरगा मधल्या सुट्टीत डब्यातलं सँडविच खातो. हॉल हसला, टाळ्या वाजल्या, पुढची स्लाईड. मला वाटत होतं इथेच थांबायला पाहिजे होतं, की याला कळण्याची भाकरी आणि ठेचा कसा सांगायचा, याने लिहिलेलं तपासायचं कसं, विज्ञानाच्या उत्तरात असंच सँडविच निघालं तर पोराला कसं कळेल. पण कूलर बंद करायची वेळ झाली होती.

संपादक साहेब, या विभागाचे अधिकारी तुमचा पेपर वाचतात म्हणून लिहितोय. जूनमधे शाळा उघडल्या की परत प्रशिक्षणाचे आदेश निघतील. ते तालुक्याच्या हॉलमधे न ठेवता केंद्रातल्या शाळांमधे ठेवा, वीस-पंचवीस जणांचे गट करा, जेवढा खर्च मंडप, बॅनर, हारतुऱ्याला होतो त्यात प्रत्येक केंद्राला एक वायरची पिशवी आणि एक चांगला पेनड्राइव्ह येईल. बॅनरवर कोणी काही शिकत नाही, फोटोला चांगला दिसतो तेवढाच. आधी विचारा, आणि तीन आठवड्यांनी परत या. फक्त तो परत येण्याचा दिवस पेरणीच्या नाहीतर पोळ्याच्या आदल्या दिवशी नको, एवढं कॅलेंडर पाहून ठरवा.

पहिला गट आमच्या शाळेत घ्यायचा असेल तर आमची तयारी आहे. टीव्ही चालू आहे, पेनड्राइव्ह फॅट-३२ आहे, आणि एचडीएमआय वायर आणायची गरज नाही, आता आमच्याकडे दोन आहेत.

आपला,
एक जि. प. शिक्षक, जळगाव जिल्हा
(नाव छापू नये ही विनंती)